नागोयाला गेलेल्या मुलाचं ताट

९ सप्टेंबर, रविवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आळीच्या बैठकीला मी गुपचूप कोपऱ्यात चहा प्यायला गेले होते, आणि एक पाहुणी पदरात घेऊन परत आले.

आमच्या आळीचे प्रमुख मुतो-सान. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण सूर अजून वर्गातलाच. म्हणाले, “अर्जेंटिनाहून एक बाई येतायत, नगरपालिकेच्या पाहुण्या. महिनाभर राहतील. हॉटेल नको म्हणतात, घरात राहायचंय. इतागाकी-सान, तुमची खालची खोली रिकामीच आहे ना?”

देवळातल्या पुजाऱ्याचं घर माझ्या घराच्या तिप्पट आहे. शेजारच्या तोकिए-सानकडे दोन खोल्या धूळ खात पडल्यात. पण बघत होते सगळे माझ्याकडेच. मी मान हलवली, वर वाकून आभारही मानले. कशाबद्दल मानले कोण जाणे.

आता वर शुहेई आहे त्याचं काय करू?

नऊ वर्षं झाली. सेंदाईची नोकरी सोडून डिसेंबरात आला, म्हणाला, नव्या वर्षापर्यंत राहतो. वरच्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मी ताट दारापाशी ठेवते. मी जिना उतरले की दार सरकतं. मी झोपल्यावर तो अंघोळीला उतरतो. सकाळी न्हाणीघराची फरशी ओली असते, त्यावरून कळतं. पहिल्या वर्षी मी दाराशी बसून विनवण्या केल्या. पुढे तेही सुटलं. आळीत सांगितलं की नागोयाला चांगली नोकरी लागली, गेला. दोन वर्षं लोक चौकशी करायचे. मग विसरले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आली. नाव ग्रासिएला. छप्पन वर्षांची, उंच, रुंद, ग्रंथालयातून निवृत्त झालेली. दारात उभी राहून म्हणाली, “आपल्या घराचा उंबरा ओलांडण्याची अनुज्ञा असावी.”

माझी आजेसासूच परत आली असं वाटलं. तिच्या गावात घरामागे जपानी लोकांची लाँड्री होती, तिथल्या म्हाताऱ्या आजीपाशी बसून ही आमची भाषा शिकली म्हणे. त्यामुळे बोलते अगदी शंभर वर्षांपूर्वीचं.

मी सांगून टाकलं, वर अडगळ आहे, फळ्या कुजल्यात, पाय आत जाईल. ती म्हणाली, “आज्ञा शिरोधार्य.” हसू आवरताना मला खोकला आला.

तिची खोली नेमकी शुहेईच्या खोलीखाली येते. दुसरी देणार कुठून?

१७ सप्टेंबर, सोमवार

तीन दिवससुद्धा निभलं नाही. दुपारी ताट ठेवून उतरत होते, तर ही जिन्याच्या पायथ्याशी उभी.

“इतागाकी-सान, वर अडगळ आहे असे आपण म्हणाला होता. मग हे भोजन कोणाचे?”

“माझ्या मुलाचं,” मी म्हणाले. तेवढं तर खरंच होतं. “नागोयाला असतो तो. घरचं माणूस लांब गेलं की त्याच्या वाटचं ताट वाढून ठेवतात आमच्यात. कागेझेन म्हणतात. तिकडे त्याला उपास घडू नये म्हणून.”

लढाईच्या दिवसांत आजी मामासाठी असं ताट ठेवायची, हे आईकडून ऐकलेलं. इतक्या वर्षांत कधी आठवलं नाही, आणि आज बरोबर ओठावर आलं. स्वतःच्याच हुशारीची धास्ती वाटली.

ग्रासिएलाचे डोळे भरून आले. “आणि मागाहून त्या अन्नाचे काय करता?”

“मी खाते.”

“म्हणजे आपण दोनदा जेवता?”

“मग वाया घालवू?”

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझं वजन बेचाळीस किलो आहे. पण तिनं मान लववली आणि खोलीत जाऊन वहीत लिहीत बसली.

२२ सप्टेंबर, शनिवार

पितरांचा आठवडा. सकाळी ह्यांच्या थडग्यावर फुलं ठेवून आले. दुपारी तोकिए-सान ओहागी घेऊन आल्या. भाताचे गोळे, वरून गोड पुरण, एकेक मुठीएवढा. मोजून आठ.

“अहो, एवढे कशाला? आम्ही दोघी तर बायका.”

“असू दे गं. तरुण पोटाला काय होतंय?” आणि लगेच, “म्हणजे पाहुणीच्या म्हणत्ये मी.”

छप्पन वर्षांचं तरुण पोट! वय झालं तोकिए-सानचं. गेल्या हिवाळ्यात मला पुरुषी मापाचे लोकरी मोजे विणून दिले. म्हणाल्या, टाके मोजताना चुकले. मी काही बोलले नाही, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. मोजे वर ठेवले, ते कामाला आले.

संध्याकाळी ग्रासिएलानं वहीतलं वाचून दाखवलं. आमच्या चपला दारात कशा ओळीनं असतात, दुकानदार निरोप देताना किती वाकतो, पाऊस आला की शेजारीण न सांगता दुसऱ्याचे कपडे आत कसे घेते. असलं सगळं. पुढे एक वाक्य होतं: ‘इथली माणसे एकमेकांना खासगी काही विचारत नाहीत. दुसऱ्याच्या दाराबाहेर थांबण्याची अशी अदब मी कोठे पाहिली नाही.’

“छान लिहिलंयत,” मी म्हणाले. आणि मला ते मनापासून छान वाटलं. अशी आळी मिळायला नशीब लागतं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

ग्रासिएलानं नवीन प्रकार काढलाय. सकाळी बाहेर पडताना जिन्याखाली उभी राहते, वर बघून वाकते आणि मोठ्यानं म्हणते, “शुहेई-सान, आपला दिवस सुखाचा जावो!” नागोयापर्यंत पोचावं म्हणून की काय, चांगला खणखणीत आवाज लावते.

पहिल्या दिवशी माझ्या हातातली बशी निसटली. या घरात ते नाव किती वर्षांनी उच्चारलं गेलं! मी स्वतः घेत नाही. घ्यायची वेळच येत नाही.

आज चौथा दिवस. ताटातली वांगी संपलेली होती. लहानपणापासून वांगं टाकणारा पोरगा. मी ती रिकामी वाटी बराच वेळ हातात धरून बसले. तिला हे थांबवा म्हणून सांगणार होते, ते सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

मुतो-सान नवं लचांड घेऊन आले. पुढच्या बुधवारी समाजमंदिरात ग्रासिएलाचं भाषण, ‘पाहुणीच्या नजरेतून आपलं गाव’. ती दिवसभर खोलीत येरझारा घालत मोठमोठ्यानं सराव करते. आजचा भाग नेमका माझ्या ताटाचा होता.

जेवताना तिनं विचारलं, “चिरंजीव नागोयास काय करतात? श्रोत्यांना सांगावयास हवे.”

मी म्हणाले, मोटारींच्या कारखान्यात आहे. नुसता आहे? नाही, हाताखाली बारा माणसं आहेत. घर? नदीकाठी फ्लॅट, सहावा मजला. लग्न? ठरल्यातच जमा आहे, मुलगी शाळेत संगीत शिकवते. मला थांबताच येईना. खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं. इतकं गोड वाटत होतं बोलायला. माशाचा तुकडा ताटात गार झाला आणि मी त्याला नव्या वर्षात बढतीही देऊन टाकली.

वर फळी करकरली. एकदाच.

“कुजलेल्या फळ्या,” ग्रासिएला म्हणाली.

“हो ना,” मी म्हणाले.

१० ऑक्टोबर, बुधवार

झालं भाषण. सगळी आळी आली होती, चाळीसेक माणसं. ग्रासिएलानं चपलांचं सांगितलं, लोक हसले. कपड्यांचं सांगितलं, तोकिए-साननी मान वाकवली. मग ती माझ्याकडे हात करून म्हणाली, “आणि या माउलीच्या घरी नऊ वर्षे, दिवसातून तीन वेळा, दूरदेशी गेलेल्या पुत्राचे ताट मांडले जाते.” नागोया, बारा माणसं, सहावा मजला, संगीताची बाई, एकही गोष्ट सोडली नाही. “तो तेथे सुखरूप आहे,” ती म्हणाली, “कारण येथे त्याचे अन्न ऊन आहे.”

समाजमंदिरात इतकी शांतता पसरली की चहाच्या किटलीचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीच कुणाकडे बघेना. टोफूवाले आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले. देवळातली पुजारीणबाई रुमालाची घडी मोडून परत घालत होती. तोकिए-सान रडत होत्या. शेवटी मुतो-सान उठले, घसा खाकरून म्हणाले, “फार... फार सुंदर प्रथा आहे ही,” आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच वाजवायला लागले.

निभावलं एकदाचं. एकानंही शंकेचा ब्र काढला नाही. सगळ्यांना पटलं. घरी येताना किती दिवसांनी पाठ ताठ करून चालले.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळचं ताट तसंच. दुपारचं तसंच. रात्रीचं वर ठेवून आलेय. पोट बिघडलं असेल. भाताची पेज ठेवली आहे.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

पेज तशीच, वर साय धरलेली. जेवायच्या काठ्यांखाली कागदाची चिठ्ठी. अक्षर त्याचंच, शाळेत होतं तसं डावीकडे झुकलेलं.

‘मी नागोयाला आहे. तिकडे जेवतो.’

जिन्यातच बसले. त्यानं सगळं ऐकलंय. सराव ऐकला, माझं जेवतानाचं ऐकलं. बारा माणसं, संगीतवाली मुलगी. मला असा हवा होता, हे त्याला खालून फळ्यांतून कळलं. आणि जो वर आहे तो कुणाच्याच हिशेबात नाही.

रागावला असता, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. हे दोन ओळींचं मला सोसत नाही.

दाराशी जाऊन कुजबुजले, “अरे, खाऊन घे.” खाली ग्रासिएला होती, म्हणून कुजबुजले. लिहिताना माझीच मला चीड येते आहे.

१३ ऑक्टोबर, शनिवार

तिसरा दिवस. त्याच्या आवडीचा खारा बांगडा भाजला, सगळ्या घरात वास. ताट परत आलं. न्हाणीघराची फरशीही दोन दिवस कोरडी आहे.

ग्रासिएला म्हणाली, “इतागाकी-सान, आपण हल्ली चिरंजीवांचे अन्न टाकून देता. त्यांचे काही अशुभ तर कळले नाही?”

“नाही. मला भूक नाही,” मी म्हणाले.

संध्याकाळी तोकिए-सान फाटकाशी आल्या. “कियो, अगं, वरचा दिवा तीन दिवस—” आणि थांबल्या. “कोपऱ्यावरच्या खांबाचा म्हणत्ये. लागत नाही वाटतं?”

खांबाचा दिवा आमच्या डोक्यावर लख्ख जळत होता. आम्ही दोघींनी तो पाहिला. त्या म्हणाल्या, उद्या गवत काढायला येशील ना, मग नदीवर अळकुड्यांचा रस्सा आहे. मी हो म्हणाले. त्या जाईनात. मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारख्या उभ्या राहिल्या, मग गेल्या. त्यांच्या मनात काय होतं याचा विचार आज नको.

डॉक्टरांना बोलवायचं तर कोणासाठी ते सांगावं लागेल. मुलगा हवा की अब्रू, इतका सरळ प्रश्न. आणि मी अख्खी दुपार कढया घासत काढली.

१४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला ताट वर नेलं. कालचं तसंच होतं. दाराला कान लावला. श्वास ऐकू येत होता, पण बारीक, आणि मधेच थांबत होता. नवरा गेला तेव्हा शेवटचे दोन दिवस मी असेच श्वास मोजत बसले होते.

खाली आले. ग्रासिएला स्वयंपाकघरात चहा ओतत होती. बाहेर आळीतली माणसं माझ्या दारासमोरच्या नाल्याचं गवत कापत होती, विळ्यांचा आवाज येत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

“माझा मुलगा नागोयाला नाही. कधीच नव्हता. तो वर आहे. नऊ वर्षं वरच आहे. आणि चार दिवस झाले, तो जेवलेला नाही.”

ग्रासिएला लालबुंद झाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून साधी भाषा निघाली. “मग मी त्या दिवशी सगळ्यांसमोर... मी खोटं बोलले?”

“तुम्ही नाही. मी.”

वर दार सरकलं. मी जिना उतरलेलीच होते, तरी दचकले. माझ्या नऊ वर्षांच्या सवयीत तो आवाज फक्त ताटासाठी होता. मग आवाज आला. घोगरा, मोठ्या पुरुषाचा, मी कधी न ऐकलेला.

“आई, परत सांग.”

मी जिन्याखाली गेले. वर अंधार होता. “शुहेई इथे राहतो,” मी म्हणाले. “या घरात. माझ्याबरोबर.”

“मोठ्यानं.”

मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं, ते मला कळलं. मी बाहेर गेले. पायांत न्हाणीघराच्या सपाता, अंगावर ॲप्रन. पंधरा-सोळा माणसं होती. मी किंचाळलेच असेन. “माझा शुहेई घरात आहे! नागोया-बिगोया सगळं खोटं! तो वर आहे, नऊ वर्षं!”

विळे थांबले. मी वाट बघत होते की कोणीतरी ‘अगंबाई’ म्हणेल, कोणाचा तरी हात तोंडावर जाईल. काहीच नाही. मुतो-साननी टोपी काढली आणि म्हणाले, “हो.”

तोकिए-सान चिखलाच्या हातांनी पुढे आल्या. “चार दिवस उपाशी ना गं तो? आधी नुसता रस्सा देऊ. अळकुड्या एकदम पोटात नकोत.”

मला आधी रागच आला, तो मी लपवत नाही. अंगाचा तिळपापड झाला. “तुम्हाला ठाऊक होतं? सगळ्यांना? नऊ वर्षं?”

“दिवा दिसतो की वरचा,” टोफूवाले म्हणाले. “आणि तुम्ही एकट्या रोज दोन टोफू नेता.”

“मग कोणी बोललं का नाही? मी एकटीनं... एकदा तरी विचारायचं होतंत!”

मुतो-सान टोपी हातात फिरवत राहिले. “तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही कसं विचारणार, इतागाकी-सान? तुम्हाला लाज वाटली असती. आम्ही वाट बघत होतो. ही पाहुणी तुमच्याकडे पाठवली, म्हटलं, बाहेरचं माणूस विचारेल तरी.” आणि मग माझ्यापुढे कमरेत वाकले, थेट खाली. त्यांच्यामागे सगळेच वाकले, विळे हातात धरून.

त्यांना काय बोलणार? मीही त्याच मातीची. चार दिवस मीसुद्धा दाराबाहेरूनच परत फिरत होते.

रस्सा नदीवर व्हायचा होता, तो माझ्या अंगणात झाला. कोणी ठरवलं नाही, हंडा इकडेच आला. तोकिए-साननी पहिली वाटी भरून दिली. मी ती वर नेली, दारापाशी ठेवली, आणि खाली न जाता तिथेच बसले. बराच वेळ गेला. मग दार चार बोटं सरकलं आणि हात आला. हाडं दिसत होती, नखं वाढलेली. मी बसले आहे हे त्याला दिसलं असणार, तरी हात मागे गेला नाही. वाटी आत गेली. प्यायल्याचा आवाज आला, दोन घोट, मग थांबून आणखी एक.

“खाली किती जण आहेत?” त्यानं विचारलं.

“सोळा. आणि ग्रासिएला.”

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“मघाशी. सगळ्यांत शेवटी.”

आतून कसलासा आवाज आला. हसतोय की रडतोय, दाराआडून कळेना. एरवी असं काही कानावर आलं तर मी ऐकलंच नाही असं दाखवून जिना उतरते. आज विचारलं. “शुहेई, हसतोयस की रडतोयस?”

आवाज थांबला. अंगणात कोणीतरी हंड्यात पळी आपटत होतं.

“आत येऊन बघ,” तो म्हणाला.

गेले. दोन तास होते आत. काय पाहिलं, काय बोललो, ते इथे लिहावं की नाही हे अजून त्याला विचारलेलं नाही. उद्या विचारीन.